स्क्वेअर इंचाचा दर

बेळगावच्या उद्यमबागेत हार्ड क्रोमचा, म्हणजे टाकीत बुडवून रॉडवर विजेने चढवायच्या क्रोमियमच्या कठीण थराचा, दर स्क्वेअर इंचावर ठरतो. रॉडचा व्यास केवढा, लांबी किती, किती मायक्रॉन चढवायचे, ग्राइंडिंग कुणी करायचं, टेम्पो कुणाचा, एवढं बोलून झालं की भाव फुटतो. घासाघीस चालते ती पैशांत. रुपयापर्यंत गोष्ट जातच नाही. या बोलण्यात टाकीवरून उठणाऱ्या वाफेचा, रॉड धुतलेल्या पिवळ्या पाण्याचा किंवा मागच्या शेडमध्ये साठलेल्या गाळाच्या पोत्यांचा विषय निघालेला मी तरी ऐकलेला नाही. तो निघाला पाहिजे, आणि त्याचे पैसे रॉड पाठवणाऱ्या पार्टीने मोजले पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे. प्लेटिंगवाल्याच्या माथी मारून हा प्रश्न सुटणारा नाही.

बाहेरच्यांना बेळगाव माहीत असतं ते कुंद्यामुळे आणि सीमाप्रश्नामुळे. गावाचं पोट मात्र भरतं फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिकवर. उद्यमबाग, मच्छे, होनगा, ऑटोनगर. खानापूर-चंदगडकडून पहाटेच्या बसने येणारी आयटीआयची पोरं. एका शेडमध्ये दोन लेथ आणि बाहेर पाटी ‘इंजिनिअरिंग वर्क्स’. खोदाईच्या मशीनचा हात वर-खाली होतो तो सिलिंडरने, आणि त्या सिलिंडरमधून आत-बाहेर करणारा चकचकीत दांडा म्हणजे पिस्टन रॉड. त्यावरचा थर साधारण वीस-पंचवीस मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. तो नसेल तर माती-वाळूने रॉडला ओरखडे पडतात, सील फाटतं, तेल गळतं आणि मशीन उभी राहते. त्यामुळे ‘क्रोम बंद करा’ म्हणणाऱ्यांत मी नाही. हा थर शोभेचा नाही.

शोभेचं क्रोम वेगळं. बाथरूमचा नळ, बुलेटचा सायलेन्सर, गाडीच्या कंपनीचं बोधचिन्ह यांवर आधी निकेल चढवतात आणि त्यावर अर्धा मायक्रॉनसुद्धा नसलेला क्रोमचा हात फिरवतात. स्टीलच्या डब्यात क्रोमियम मिसळलेलंच असतं. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असल्याशिवाय त्याला स्टेनलेस म्हणत नाहीत. पाणी तापवायच्या शेगडीतली नायक्रोमची तार, चित्रकाराचा क्रोम यलो, चामडं कमावायचं क्रोम, शिवाय २००८ मध्ये कॉम्प्युटरवर आलेलं आणि पुढे मोबाइलातही येऊन बसलेलं गूगलचं क्रोम, ज्याचा बाकीच्यांशी काही संबंध नाही. एवढी भाऊगर्दी असल्यामुळे भीतीही भलत्याच ठिकाणी बसते. स्टीलच्या भांड्यात स्वयंपाक करू नका, क्रोमियम पोटात जातं, असा मेसेज घरोघरी फिरतो. ते भांडं बिचारं निरुपद्रवी. रॉडवर एकदा चढलेला थरही निरुपद्रवी. धोका आहे तो थर चढवायच्या टाकीत, सहा संयुजेच्या (हेक्साव्हॅलंट) क्रोमियममध्ये, म्हणजे त्याच धातूच्या विषारी रूपात. त्याबद्दल कुणाला मेसेज येत नाही.

टाकी जवळून बघण्यासारखी असते. लिटरला साधारण अडीचशे ग्रॅम क्रोमिक अॅसिड, त्याच्या शंभरावा भाग गंधकाम्ल, तापमान पन्नास-पंचावन्न अंश, रंग गडद तांबडा-काळा. कडेला शिशाचे अॅनोड, मध्ये जिगला टांगलेले रॉड. रेक्टिफायर चालू केला की पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचा खच उठतो, कारण दिलेल्या विजेपैकी जेमतेम दहा ते वीस टक्केच वीज क्रोम चढवायच्या कामी येते. उरलेल्या बहुतेक विजेने पाण्याचा हायड्रोजन होतो आणि तो फसफसत वर येतो. प्रत्येक बुडबुडा फुटताना क्रोमिक अॅसिडचा एक सूक्ष्म तुषार हवेत सोडतो. एक्झॉस्ट नसलेल्या शेडमध्ये संध्याकाळपर्यंत खिडकीच्या गजांवर पिवळट-तांबूस साका धरतो. गजावर जे बसतं तेच नाकात बसतं.

नाकात बसल्यावर काय होतं हे वैद्यकाला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. आधी खपली धरते, नाकातून रक्त येतं, मग दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडतं. पडदा गेल्यावर दुखणं थांबतं, आणि ‘बरं वाटलं’ म्हणून माणूस पुन्हा टाकीवर उभा राहतो. बोटांच्या सांध्यांवर खोल, लवकर न भरणाऱ्या जखमा होतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने ज्या व्यवसायजन्य रोगांची खबर सरकारला देणं बंधनकारक केलं, त्यांच्या यादीत हा क्रोमचा व्रण नाव घेऊन होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये सहा संयुजेच्या क्रोमियमला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत. कर्करोग फुप्फुसाचा, आणि तो वीस-पंचवीस वर्षांनी येतो. तोपर्यंत माणूस कुठे काम करत होता हे विचारणारा कुणी उरत नाही.

मी स्वतः सिलिंडरच्या धंद्यात आहे, त्यामुळे प्लेटिंगवाल्यांशी उठणं-बसणं आहे. त्यातल्या एका जुन्या मामांना मी एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, “नाकात व्हॅसलीन घालतोय की आम्ही. आमच्या वडिलांपासनं घालतोय.” मग थोडं थांबून: “स्क्रबर बसवायचा म्हणून चार पैसे वाढवून मागितले ओ. पार्टी दुसऱ्या दिवशी रॉड उचलून घेऊन गेली बघा.” यात कुणी खलनायक नाही. मामांच्या मुलाचा हातही त्याच टाकीत असतो.

नीट काम करायचं तर काय लागतं, हे गुपित नाही. टाकीच्या कडेने हवा ओढणारं हूड, त्यापुढे तुषार धुऊन काढणारा स्क्रबर. पृष्ठभागावर तरंगणारे पॉलिप्रोपिलीनचे चेंडू, ज्यांनी तुषार बऱ्यापैकी दबतात आणि उष्णताही वाचते. एका धुण्याऐवजी तीन टाक्यांत ओळीने धुणं, म्हणजे रॉडबरोबर निघून जाणारं अॅसिड परत वापरता येतं. सगळ्यात महत्त्वाचं सांडपाणी. पिवळ्या पाण्यात आम्ल घालून सामू (पीएच) दोन-तीनवर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं. पाणी डोळ्यांदेखत पिवळ्याचं हिरवं होतं. सहा संयुजेचं क्रोमियम तीन संयुजेचं झालं, विषाचा दात पडला. मग चुना घालून सामू आठ-नऊवर नेला की हिरवट गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी नितळतं. या रसायनशास्त्राला पीएचडी लागत नाही. लागतो तो रोजचा खर्च, थोडी जागा आणि लक्ष ठेवणारा एक माणूस. स्क्वेअर इंचाच्या दरात या तिन्हीपैकी काहीच धरलेलं नसतं.

आणि गाळाचं काय करायचं? तो घातक कचरा; रस्त्याकडेला टाकता येत नाही, घंटागाडीत देता येत नाही. राज्यातलं विल्हेवाटीचं मोठं केंद्र बेंगळुरूच्या अलीकडे दाबसपेठला, इथून सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरवर. महिन्याला चार पोती गाळ निघणाऱ्या माणसाने त्यासाठी परवानाधारक गाडी करायची म्हणजे घोड्यापेक्षा नाल जड. पुण्याच्या पलीकडे रांजणगावलाही असं केंद्र आहे आणि ते दाबसपेठपेक्षा काही लांब नाही. पण २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा दुसऱ्या राज्यात विल्हेवाटीला न्यायचा तर दोन्ही राज्यांच्या प्रदूषण मंडळांची ना-हरकत लागते. आपल्याकडे एका साध्या दाखल्यावरची भाषा कोणती यावर सहा महिने जातात, तिथे दोन मंडळांच्या ना-हरकती! म्हणून पोती शेडच्या मागे साठतात, पावसाळ्यात भिजतात. बेळगावचा पाऊस काय असतो हे बेळगावकरांना सांगायला नको.

यावर पहिलं उत्तर येतं ते कारवाईचं. प्रदूषण मंडळाने धाडी घालाव्यात, वीज तोडावी. कायदा कडक आहेच. इलेक्ट्रोप्लेटिंग लाल वर्गात, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत येतं, संमतीशिवाय टाकी मांडताच येत नाही. सांडपाण्यात सहा संयुजेच्या क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. पण छोट्या शेडला टाळं लावलं की टाकी नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. उद्यमबागेतून उठून एखाद्या खेड्यातल्या गोठ्याच्या बाजूला जाते, जिथे निदान होतं ते एक्झॉस्टही नसतं. काम देणाऱ्याचा पत्ता मात्र बदलत नाही. रॉड त्याच दारातून निघतात आणि त्याच दारात परततात.

काम देणाऱ्याने ठरवलं की काय होतं, हे आपल्याच गल्ल्यांत घडून गेलंय. पूर्वी झिंक केलेल्या नटबोल्टला पिवळी, इंद्रधनुषी झाक असायची. ती सहा संयुजेच्या क्रोमची. युरोपने जुलै २००७ पासून नव्या गाड्यांत ती जवळजवळ बंद केली. मग युरोपला माल पाठवणाऱ्या कंपन्यांनी ऑर्डरवर एक ओळ छापली: पॅसिव्हेशन ट्रायव्हॅलंट, म्हणजे झिंकवरची झाक तीन संयुजेच्या क्रोमची. एवढ्यावर झिंकवाल्यांनी रसायन बदललं. मोर्चा नाही, धाड नाही. ज्यांनी आयुष्यभर पिवळं केलं तेच लोक निळसर-पांढरं करायला लागले, कारण तसं केल्याशिवाय चलनावर सही मिळेना. थोडा दर वाढला, तो पार्टीने दिला. म्हणजे पार्टीला देता येतो. द्यायचा नसतो तेव्हाच ‘मार्जिन नाही’.

‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात, १९९६ मध्ये, आपल्या कायद्याचा भाग मानलं. योगायोग असा की तो खटलाही चामडं कमावण्याच्या सांडपाण्याचाच. माझा प्रश्न इतकाच की प्रदूषण करणारा म्हणजे कोण? टाकी ज्याची तो, हे कायद्याचं उत्तर. पण ज्याच्या ड्रॉइंगवर ‘हार्ड क्रोम २५ मायक्रॉन’ लिहिलंय, ज्याने दर पाडून घेतला आणि ज्याच्या बिलात तो रॉड शेवटी विकला गेला, तो यातून कसा सुटतो? आणि कुणीच भरलं नाही तर काय होतं, तेही देशाने पाहिलंय. तामिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा कारखाना बंद पडला आणि मागे लाखाहून जास्त टन क्रोमचा कचरा राहिला. कानपूरजवळच्या खेड्यांत हापशाला पिवळं पाणी आलं. दोन्हीकडे निस्तरायचं काम सरकारवर, म्हणजे तुमच्या-माझ्या करांवर आलं.

इथे बळ्ळारी नाल्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारातून जाणारा हा नाला दर पावसाळ्यात फुगतो आणि भाताच्या शेतांत पसरतो. पुढे मार्कंडेय, मग घटप्रभा, मग कृष्णा. बेळगावचा बासमती याच काळ्या मातीतला. नाल्याचा गाळ काढा म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं निवेदनं देतात आणि ती मागणी रास्तच आहे. तिच्यात आणखी एक जोडा: त्या पाण्याची आणि गाळाची क्रोमियमसाठी ठरावीक मुदतीने तपासणी, आणि तिचे आकडे मराठी-कन्नड दोन्ही भाषांत जाहीर. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. आकडा समोर आला तर घाबरायचं की नाही हे लोक ठरवतील. दडवून ठेवलेल्या आकड्यापेक्षा वाईट आकडासुद्धा बरा.

भाषेचं आलंच आहे तर एक सांगून टाकतो. टाकीवरची धोक्याची पाटी बहुतेक वेळा इंग्रजीत, रसायनाची माहितीपत्रकं इंग्रजीत, मंडळाचे कागद कन्नडमध्ये. टाकीवर उभा असलेला पोरगा मराठी शाळेत सातवी-दहावी शिकलेला. बस थांब्यावरच्या मराठी पाटीसाठी आपण रस्त्यावर उतरतो, जरूर उतरावं. ‘नाकातून रक्त आल्यास लगेच सांगा’ ही मराठी पाटी मात्र कुणी अजून मागितलेली नाही. ती लावायला कुठल्याही सरकारची परवानगी लागत नाही.

आता चपलेकडे येतो, कारण या जिल्ह्यात क्रोमचा दुसरा व्यवहार तिथे चालतो आणि तिथे हिशोब उलटा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला तो आठ जिल्ह्यांना: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर. अथणी-निपाणीकडचे कारागीर तेवढेच हक्काचे. सीमाभागात दोन्ही राज्यांनी भांडण न करता एका कागदावर सह्या केल्याचं असं उदाहरण विरळाच. या चपलेचं चामडं झाडपाल्यावर कमावलेलं असावं लागतं, म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा. कातडं शिवून त्याची पिशवी करायची, तिच्यात सालीचा काढा भरून टांगायची, झिरपेल तसा पुन्हा भरायचा. यात आठवडेच्या आठवडे जातात. क्रोमने तेच काम पिंपात एखाद्या दिवसात होतं, म्हणून जगातलं बहुतांश चामडं आज क्रोमनेच कमावलेलं आहे.

हे क्रोम तीन संयुजेचं. पायात घातल्याने कुणाला लगेच काही होत नाही, उगाच बाऊ नको. पण क्रोमचं चामडं मऊ, फोपसं. त्यावर ठसा धरत नाही, पायाच्या आकाराला ते बसत नाही, आणि पिंपाचं सांडपाणी कुठेतरी जातंच. बाजारात तेही ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून निम्म्या किमतीत मिळतं. ओळखायचं असेल तर कापलेली कड बघा: सालीचं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं, क्रोमचं आतून निळसर-राखाडी. दुकानदार छाटलेला तुकडा देत असेल तर जाळून बघा, क्रोमच्या राखेला हिरवट छटा येते. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तशाच चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे पेटून उठलो, आणि ते योग्यच होतं. त्याच आठवड्यात गल्लीतल्या दुकानात निळ्या कडेची ‘कोल्हापुरी’ घासाघीस करून घेणारेही आपणच. अथणीच्या माणसाने महिनाभर टांगलेल्या पिशवीचा मोबदला त्या घासाघिशीत कापला जातो. रॉडच्या दरात विष धरलेलं नाही आणि चपलेच्या दरात मेहनत धरलेली नाही. दोन्हीकडे कमी पडलेले पैसे खालच्या माणसाच्या अंगातून निघतात.

माझ्या म्हणण्यावर धंद्यातले लोक एक आक्षेप हमखास घेतात, आणि तो पोकळ नाही. बेळगावने दर वाढवला तर काम कोल्हापूरला जाईल, तिथून राजकोटला जाईल. काही जाईलही. पण पिस्टन रॉड अवजड माल आहे. रॉड पाठवायचा, आणायचा, रिजेक्ट झाला तर पुन्हा पाठवायचा. ज्याला आठ दिवसांत सिलिंडर जोडायचाय तो दोन पैशांसाठी हजार किलोमीटर जात नाही. कोल्हापूरचं म्हणाल तर शिरोली-गोकुळ शिरगावचे आणि आपले ग्राहक बरेचसे तेच. पंचगंगेचं पाणी कृष्णेतून शेवटी आपल्याच चिकोडी-रायबागकडे येतं, म्हणजे तिकडे ढकललेली घाण वळसा घालून परत येणार. हा दर दोन्ही गावांनी मिळून ठरवायचा विषय आहे.

दुसरा आक्षेप: पर्याय कुठे आहे? शोभेच्या क्रोमला पर्याय आहे, आज आहे. तीन संयुजेचं बाथ १९७० च्या दशकापासून बाजारात आहे. रंग किंचित काळपट येतो, एवढी तक्रार होती, तीही आता फारशी उरलेली नाही. नळ आणि सायलेन्सरसाठी जुनी टाकी चालू ठेवायला कुठलंच सबळ कारण मला दिसत नाही. हार्ड क्रोमचं तसं नाही. धातूचा फवारा, नायट्रायडिंग, लेझर क्लॅडिंग हे पर्याय काही कामांना चालतात, सगळ्यांना नाहीत, आणि यंत्रसामग्री छोट्या माणसाच्या आवाक्याबाहेरची. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये नियम केला तेव्हा हाच फरक ओळखला: शोभेची टाकी २०२७ पासून बंद, हार्ड क्रोमला २०३९ पर्यंत मुदत. युरोपात तर सप्टेंबर २०१७ पासून खास परवानगीशिवाय क्रोमिक अॅसिड वापरता येत नाही. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमधून विमानाचे भाग जगभर जातात आणि मच्छेतून पंप-सिलिंडर जातात; हे प्रश्न त्या गिऱ्हाइकांकडून आपल्या दारात येणारच. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आता केलेलं स्वस्त पडेल.

सामायिक सोय करता येते, हे फाउंड्रीवाल्यांनी दाखवून दिलंय. बेळगाव फाउंड्री क्लस्टर उभा राहिला तो सरकारी योजनेचा पैसा आणि उद्योजकांचा वाटा मिळूनच. एकट्यादुकट्याला न परवडणारी तपासणी आणि वापरलेल्या वाळूवरची प्रक्रिया तिथे एकत्र झाली. प्लेटिंगवाल्यांसाठी तसंच एक केंद्र हवं, जिथे पिवळं पाणी टँकरने आणून हिरवं करता येईल आणि सगळ्यांचा गाळ एका गाडीत दाबसपेठला जाईल. पण केंद्राला रोज पाणी आलं तरच ते चालेल, आणि पाणी येईल ते आणण्याचा खर्च दरात असेल तरच.

एप्रिलमध्ये रेट करार नवे होतात. मोठ्या आठ-दहा कंपन्यांच्या पर्चेस खात्यांनी यंदा त्या कागदात तीन ओळी घालाव्यात. एक, सांडपाणी आणि गाळाच्या खर्चाचा आकार स्क्वेअर इंचाच्या दरात न मिसळता बिलात वेगळा दाखवायचा आणि त्यावर घासाघीस करायची नाही. दोन, गाळ केंद्रावर पोहोचल्याची पावती दाखवल्याशिवाय तो आकार मिळायचा नाही, म्हणजे मामांनाही पोती शेडमागे ठेवून पैसे घेता येणार नाहीत. तीन, टाकीवरच्या प्रत्येक माणसाचं नाक आणि हात ठरलेल्या मुदतीला डॉक्टरने बघायचे आणि ते बिल पार्टीने भरायचं. माझ्याकडून जाणाऱ्या करारात या ओळी मी घालतोय. माझं काम छोटं आहे, माझ्या एकट्याच्या रॉडवर कुणाचा स्क्रबर चालणार नाही. मोठ्या पार्ट्या कधी घालतात ते बघू.